उघड्या डोळ्यांचा फोटो

भोपळ्या ठोसा लागायच्या आधीच डोळे मिटायचा. नुसती पापणी लववली असती तर कुणी बोललं नसतं, पण हा कडू औषध प्यायल्यासारखा सगळा चेहरा आवळून गच्च मिटायचा. मुष्टियोद्ध्याला ही खोड परवडत नाही. पहिला ठोसा कसाबसा सोसता येतो, पण दुसरा कुठून येतोय हे मिटल्या डोळ्यांना काय कळणार?

त्यातून त्याचा बाप उस्ताद. जुन्या गोदामात जिम चालवणारा, तरुणपणी रिंगमध्ये नाक मोडून घेतलेला, तोंड कमी आणि हात जास्त चालवणारा माणूस. गावभरच्या पोरांना त्याने ठोसे खाताना डोळे उघडे ठेवायला शिकवलं, आणि नेमका आपल्याच पोटी डोळेमिट्या जन्माला यावा, हे त्याच्या पचनी कधी पडलं नाही.

भोपळ्याची थोरली बहीण वर्तमानपत्रात खेळांचे फोटो काढायची. तिला जिममधले सगळे ताई म्हणत, तिच्या बापाच्या वयाचे गडीसुद्धा. आई गेल्यावर भोपळ्याला तिनेच वाढवला. मोठ्या डोक्यापायी त्याला भोपळ्या हे नावही तिनेच ठेवलं होतं. आणि उस्तादला जेव्हा कळलं की पोरीच्या कॅमेऱ्यात ठोसा लागतानाचा क्षण पकडता येतो, तेव्हा त्याच्या डोक्यातून एक शिकवणी निघाली.

सराव चालू असताना ताईने फोटो काढायचे. सराव संपला की उस्ताद चष्मा चढवून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनसमोर बसायचा. भोपळ्या शेजारी उभा. "मोठा कर," उस्ताद म्हणायचा. ताई बटण दाबून भोपळ्याचा डोळा स्क्रीनभर करायची. "मिटलेत," उस्ताद म्हणायचा, आणि भोपळ्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायचा. पुढचा फोटो. "मोठा कर. मिटलेत." आणखी एक. असं शेवटच्या फोटोपर्यंत. उस्ताद याला शिकवण म्हणायचा. माझ्या मते तो निव्वळ छळ होता, आणि कॅमेरा घरचा म्हणून तो जरा जास्तच जवळून व्हायचा.

ताई मग शहाणी झाली. सराव संपत आला की ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन मिटल्या डोळ्यांचे फोटो उडवायला लागली. सगळे उडवले तर बापाला वास लागला असता, म्हणून थोडे ठेवायची. म्हणजे भावाच्या कानाखाली आज किती बसणार हे तिच्या अंगठ्यावर ठरायचं. हा हिशेब करताना तिला स्वतःची किळस यायची, पण दुसरा उपाय सुचत नव्हता. भोपळ्याला हे सगळं ठाऊक होतं. हातावरच्या पट्ट्या सोडता सोडता तो हळूच विचारायचा, "ताई, आज डिस्काउंट किती?" ती म्हणायची, "अर्ध्या किमतीत." मग तो लाल झालेला गाल चोळत हसायचा. मार खाऊन हसणाऱ्या त्या पोराकडे न बघता ती लेन्स पुसत बसायची.

तरी डोळेमिट्या असूनही भोपळ्या जिंकत गेला. डोकं जसं मोठं तसे हातही दणकट होते. जिंकत जिंकत तो अशा लढतीपर्यंत पोचला की ही मारली तर देशाच्या संघात जागा. उस्तादने त्या महिन्यात दाढी केली नाही आणि तो कुणाशी धड बोललाही नाही. समोर होता एक गोदीतला हमाल. सगळे त्याला हमालच म्हणत. मान अशी नव्हतीच, खांद्यावरच डोकं बसवलेलं. पोती उचलून उचलून त्याच्या पाठीत जे काही साठलं होतं, ते तो ठोशातून बाहेर काढायचा.

त्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. ताई नेहमीप्रमाणे रिंगच्या कडेला, फळीला छाती टेकवून, सगळ्यांत खालच्या दोराखालून लेन्स आत घालून बसली. जागा तिने मुद्दाम आपल्या कोपऱ्याखाली घेतली होती. मांडीवर जिमचा पांढरा, लाल काठाचा टॉवेल होता. रिंगच्या एवढ्या जवळ बसलं की घाम, पाणी आणि रक्त सगळं अंगावर उडतं, म्हणून ती टॉवेल कॅमेऱ्यावर पांघरायची आणि मधूनमधून लेन्स पुसायची.

शेजारी म्हातारा फोटोग्राफर एकडोळ्या. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते, पण त्यांतला एक जन्मभर कॅमेऱ्याला चिकटलेला, म्हणून हे नाव. त्याचा कॅमेरा जुना, आरशाचा. त्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता डोळा लावायचा फाइंडर काळा होतो. जो क्षण फोटोत येतो, तो काढणाऱ्याला दिसत नाही.

"ठोसा दिसला की समजायचं, फोटो हुकला," एकडोळ्या म्हणाला. हे तो प्रत्येक लढतीला म्हणायचा. "तुझ्या त्या नव्या डब्यात सगळंच दिसतं. बरं नव्हे पोरी. मला ते दिसत नाही म्हणून तर मी इतकी वर्षं टिकलो."

"काका, तुमचा फोटो आला का नाही हेही तुम्हाला घरी जाऊन कळतं," ताई म्हणाली.

"आणि तू दर फेरीनंतर मान खाली घालून स्क्रीन चाटत बसतेस. एक दिवस वर जग बुडेल आणि तू खाली बघत असशील."

घंटा झाली.

पहिल्या फेरीतच हमालाने भोपळ्याचं नाक फोडलं. ताईच्या फाइंडरमध्ये तो ठोसा जसाच्या तसा दिसला. आरसा नाही, काळोख नाही, काही नाही. ग्लोव्ह गालात रुतला, गाल नाकाकडे सरकला, नाक बाजूला झालं आणि लाल तुषार उडाला. लेन्सवर थेंब आले. तिने टॉवेलने पुसले. भोपळ्याने डोळे गच्च मिटलेले होते, आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी त्याने हमालाच्या बरगडीत असा काही ठेवून दिला की हमालाच्या तोंडातला दातांचा रबर बाहेर लोंबला. लोक उठून ओरडले. ताईही ओरडली.

दुसऱ्या फेरीत दोघे एकमेकांना फाडत होते. हमालाची भुवई उसवली. भोपळ्याचा ओठ दुभंगला. पंच मध्ये पडला की दोघांचं रक्त त्याच्या शर्टाला लागायचं. तिसऱ्या फेरीत भोपळ्या पुढे होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. उस्ताद कोपऱ्यातून फळीवर मुठी आपटत होता आणि त्याच्या मुठीचा दणका ताईच्या छातीत उठत होता.

चौथ्या फेरीत हमालाने कानशिलावर एक दिला. दिसायला साधा. रक्त नाही, काही नाही. भोपळ्याचं डोकं एका बाजूला गेलं आणि परत आलं. तो पडला नाही. पाय किंचित लटपटले, मग सावरले, आणि तो पुन्हा पुढे गेला. फक्त आता तो जरा संथ झाला होता. हमालाने एकामागून एक तोंडावर हाणले. एक, परत एक, परत तिथेच. मांसावर चामडं बसल्याचा ओला आवाज येत राहिला. फेरी संपल्याची घंटा झाली तेव्हा भोपळ्या उलट्याच कोपऱ्याकडे निघाला होता. पंचाने त्याला खांद्याला धरून वळवलं. लोक हसले.

ताईने सवयीने मान खाली घातली आणि स्क्रीनवर नजर टाकली. फोटो नीट टिपलाय की नाही हे बघायचं तर डोळ्यावर मोठं करून बघतात. डोळा स्वच्छ आला तर फोटो स्वच्छ. तिने चौथ्या फेरीचा शेवटचा फोटो मोठा केला. हमालाचा ग्लोव्ह गालावर चेपलेला, घामाचे थेंब हवेत, आणि भोपळ्याचे डोळे उघडे.

तिने आदला बघितला. उघडे. त्याच्या आदला. उघडे. कानशिलावरच्या त्या ठोशात गच्च मिटलेले, आणि त्याच्यानंतर प्रत्येक फोटोत टक्क उघडे.

"काय गं?" वरून उस्तादचा आवाज आला. तो भोपळ्याच्या तोंडावर पाणी मारत होता. "काय बघतेस एवढं? दाखव."

तिने कॅमेरा वर धरला. उस्ताद दोरांतून वाकला. चष्मा नव्हता, त्याने डोळे बारीक केले. "मोठा कर." तिने केला. "पुढचा." तो दाखवला. उस्तादचा चेहरा असा उजळला की तिने तो तसा आयुष्यात बघितला नव्हता. त्याने वळून भोपळ्याचं ओलं, रक्ताळलेलं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि त्याचा मुका घेतला.

"उघडे! माझ्या वाघाचे डोळे उघडे! बघितलंस? शेवटी शिकलास रे!"

इतकी वर्षं भोपळ्या ज्यासाठी मार खात होता, ते त्याला त्या क्षणी मिळालं. ताईला पण क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला सांगा. मग तिने परत स्क्रीनकडे बघितलं. चित्र अजून मोठंच होतं. तिने ते बाजूला सरकवून दुसरा डोळा बघितला, मग परत पहिला. एका डोळ्याची बाहुली मुगाच्या दाण्याएवढी. दुसऱ्याची पसरून जवळजवळ सगळा डोळा काळा. वरून दिवे दोन्ही डोळ्यांवर सारखेच पडत होते. तिने पहिल्या फेरीचा एक फोटो शोधून ताडून बघितला. त्यात दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या.

एकच बाहुली अशी पसरली म्हणजे डोक्याच्या आत इजा, हे रिंगच्या कडेला बसून बसून तिला ठाऊक झालं होतं.

"बाबा, बाहुली बघा. त्याची बाहुली बघा!"

"स्क्रीनमध्ये काहीही दिसतं."

"स्क्रीनमध्ये नाही, त्याच्या डोळ्यात बघा! बाबा, तो डोळे उघडे ठेवत नाहीये, त्याला मिटता येत नाहीयेत!"

"गप्प बस," उस्ताद म्हणाला. "पोरगं जन्मात पहिल्यांदा मर्दासारखं लढतंय. तू फोटो काढ."

ताई फळीवर चढली. दोरांतून हात घालून तिने भोपळ्याचा गुडघा धरला. "भोपळ्या. ए भोपळ्या. आज डिस्काउंट किती?"

भोपळ्याने तिच्याकडे बघितलं. म्हणजे तोंड तिच्याकडे केलं. "हो," तो म्हणाला.

तो हसला नाही आणि त्याने ओठही वाकडा केला नाही. जगात त्या प्रश्नाचं उत्तर "हो" असूच शकत नव्हतं.

डॉक्टर रिंगच्या पलीकडच्या कडेला बसला होता. ताईने हात हलवले, घसा फुटेस्तोवर ओरडली. अख्खं सभागृहच ओरडत होतं. तिचं कोण ऐकणार? घंटा झाली, उस्तादने स्टूल ओढून घेतलं आणि भोपळ्या उभा राहिला. ताईला खाली उतरून, टॉवेल मांडीवर घेऊन परत आपल्या जागी बसावं लागलं.

पुढचं तिला सगळं दिसलं. सवयीने तिने डोळा फाइंडरला लावला होता, आणि तो फाइंडर कशाचीच दया करत नाही. हमाल आला आणि त्याने डाव्या हाताने भोपळ्याची हनुवटी जणू जागेवर बसवली. मग उजव्याने ती उडवली. भोपळ्याने हात वर केलेच नाहीत. ग्लोव्ह येताना त्याचे डोळे तिकडे बघतही नव्हते, ते हमालाच्या खांद्यामागे कुठेतरी लागलेले होते. ठोसा बसला, पापणी हलली नाही. आणखी एक बसला, पापणी हलली नाही. तुटलेल्या ओठातून रक्ताची तार लोंबली. लोकांना वाटलं, काय छातीचा गडी आहे! लोक टाळ्या वाजवत होते. उस्ताद वेड्यासारखा ओरडत होता, "उघडे! तसेच ठेव! उघडे ठेव!"

शेजारी एकडोळ्याचा कॅमेरा खटाखट वाजत होता. आरसा वर, आरसा खाली.

हमालाने उजवा हात मागे नेला. कानशिलाची तीच जागा.

ताईने कॅमेरा सोडला. तो गळ्यातल्या पट्ट्याला लोंबून छातीवर आपटला. मांडीवरचा टॉवेल तिने उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दोरांवरून आत भिरकावला. घामारक्ताने जड झालेला तो टॉवेल दोघांच्या मध्ये, पंचाच्या पायाशी पडला.

पंचाने पांढरा टॉवेल बघितला, लाल काठ बघितला, कुठल्या कोपऱ्यातून आला ते बघितलं आणि हमालाच्या अंगावर झेप घेतली. टॉवेल पडला म्हणजे त्या कोपऱ्याने हार मानली. लढत खलास.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सभागृहाने अशी बोंब मारली की दिवे हलले. खुर्च्या उडाल्या. उस्ताद आपल्या खांद्यावरचा टॉवेल हातात धरून पंचाला दाखवत होता. "माझा नाही! माझा हा बघ! मी टाकलाच नाही!" मग त्याने खाली बघितलं. ताईची मांडी रिकामी होती.

तो दोरांखालून घसरत उतरला आणि त्याने तिला मारलं. थप्पड नव्हे, मूठ. तरुणपणी ज्या मुठीने तो माणसं झोपवायचा, तीच. ती फिरून पालथी पडली, कॅमेरा तिच्याखाली आला आणि स्क्रीन तडकल्याचा आवाज तिला छातीत ऐकू आला. तोंडात रक्ताची चव आली. उस्ताद तिच्या अंगावर वाकून ओरडत होता, "आपलं होतं ते! आपलं होतं! तू मारलंस त्याला!" एकडोळ्याने कॅमेरा खाली ठेवला आणि मागून उस्तादच्या कमरेला मिठी मारली. रिंगच्या कडेला म्हाताऱ्याने कॅमेरा खाली ठेवलेला कुणी कधी बघितला नव्हता.

"ताई," वरून भोपळ्या म्हणाला. तो दोर धरून उभा होता. "मी उभा होतो की गं."

एवढं बोलून तो खाली बसला. बसला तो वाकत वाकत आडवा झाला, आणि त्याचे पाय फळीवर टपटप वाजायला लागले. उस्तादची मूठ अजून वळलेलीच होती. ती तशीच राहिली.

त्या रात्री भोपळ्याची कवटी उघडून आत साठलेलं रक्त काढलं. सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी उस्तादला विचारलं, "टॉवेल तुम्ही टाकलात?" उस्तादने नकारार्थी मान हलवली. "ज्याने टाकला त्याचे पाय धरा. अजून एक ठोसा पुरला असता." ताई समोरच्या बाकावर सुजलेला जबडा धरून बसली होती. उस्तादने तिच्याकडे बघितलं नाही.

भोपळ्या वाचला, पण जागा होईना. डोळे उघडायचा, आणि ते नुसते उघडे असायचे. सर्जन बाई रोज येऊन त्याच्या तोंडासमोर एकदम हात आणायच्या, आता चापट बसते की काय असं वाटावं इतका जवळ. पापणी हलायची नाही.

"हे कशाला?" उस्तादने विचारलं.

"डोळ्यावर काही आलं की पापणी आपोआप मिटते. मेंदू शुद्धीवर असल्याची ती खूण. कुणाला शिकवावी लागत नाही." बाई टाचणं करत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. "मिटायला लागली की समजा, परत आला."

उस्ताद खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते काम त्याने स्वतःकडे घेतलं. सकाळी यायचा, पलंगाशी उभा राहायचा, आणि पोराच्या तोंडासमोर हात उगारायचा. थांबायचा. परत उगारायचा. नर्स म्हणाली, "काका, वारा घालताय का?" तो हात उगारत राहिला. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघत असायची. दोघांत बोलणं नव्हतं. तिला बापाचा राग होता, आणि तो जायचा नव्हता. पण त्या उगारलेल्या हाताकडे बघून तीही मनात घोकायची, मीट. मीट रे राजा. मीट एकदा.

आणि एका सकाळी त्याने मिटले. उस्तादचा हात वर गेला आणि भोपळ्याने कडू औषध प्यायल्यासारखा सगळा चेहरा आवळून डोळे गच्च मिटले.

"फोटो," उस्ताद म्हणाला. "ताई, फोटो काढ."

तिने पिशवीतून कॅमेरा काढला. मागची स्क्रीन फुटून काळी पडली होती, पण फाइंडर चालू होता. तिने डोळा लावला. उस्तादने परत हात उगारला, परत ते डोळे मिटले, तिने बटण दाबलं.

"दाखव."

"स्क्रीन गेलीय, बाबा. यात बघा." तिने फाइंडर त्याच्या डोळ्याला लावला. काढलेला फोटो तिथेही दिसतो. उस्तादने जन्मात कधी फाइंडरला डोळा लावला नव्हता. तो चाचपडला, मग त्याला सापडलं.

"मोठा कर," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. तो बघत राहिला. त्याचा श्वास कॅमेऱ्यावर आदळत होता आणि फाइंडरचं रबर ओलं झालं होतं.

"मिटलेत," तो म्हणाला. "मिटलेत गं."

पलंगावर भोपळ्याने तो शब्द ऐकला. अजून त्याला बोलता येत नव्हतं, हात उचलता येत नव्हता. पण त्याने मान हळूहळू वळवली, डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

उशीचा आवाज ऐकून उस्तादने फाइंडरवरून डोळा काढून बघितलं. तो गाल त्याच्या हाताच्या अंतरावर वाट बघत होता. उस्तादला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्याने ते पाठीमागे एकमेकांत गच्च धरले, आणि तो तसाच उभा राहिला.